आधी तू सांग

गेल्या गणपतीत माझी भाची बेंगलोरहून येताना एक छोटा डबा घेऊन आली, त्यात पत्त्यांसारखी कार्डं आणि प्रत्येक कार्डावर एकेक प्रश्न. एकमेकांना नीट ओळखायचा खेळ म्हणे. देवरुखच्या घरी आम्ही सतरा-अठरा माणसं, रात्रीची आरती झालेली, बाहेर पाऊस कोसळतोय आणि लाइट गेलेले, त्यामुळे मोबाइल आपोआपच बाजूला पडले होते. म्हटलं चला खेळूया. पहिली काही कार्डं मजेत गेली, तुम्हाला एखादी जादू आली तर काय कराल वगैरे, त्यावर काका म्हणाला मी अदृश्य होईन पण फक्त वर्गणीवाले आले की. मग आईची पाळी आली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. भाचीने कार्ड वाचलं, "आयुष्यात कशाची खंत वाटते?" आईने सुपारी कातरायची थांबवली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी तू सांग."

भाची हसली, म्हणाली अगं आजी असं नसतं, कार्ड तुला आलंय. तर आई म्हणाली, "अख्खा जन्म लोकांनीच मला विचारलं. कुठे निघालीस, कुणाशी बोलत होतीस, भात का करपला. मी कुणाला काय विचारलंय? तू सांग, मग मी सांगते."

आणि पोरीने खरंच सांगितलं. दोन वर्षं ती ज्या नोकरीत आहे ती तिला अजिबात झेपत नाहीये, सोडायचीये, आणि बाबाला कसं सांगावं कळत नाहीये. बाबा म्हणजे माझा दादा, तो तिथेच खांबाला टेकून बसलेला. आईने त्यानंतर काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते आमच्या ओटीवरचं आहे, पण इतकी वर्षं तिच्या पोटची पोर असून मला ते माहीत नव्हतं एवढं सांगते.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. हल्ली जिकडे बघावं तिकडे प्रश्नांचं पेव फुटलंय. ऑफिसात नवीन टीम जमली की आइसब्रेकर, तुम्ही प्राणी असता तर कुठला असता (आमच्यातला एक जण दर वेळी मांजर सांगतो आणि दर वेळी सगळे दर वेळेसारखंच हसतात). डेटिंग अॅपवर प्रोफाइल बनवतानाच प्रश्नांची उत्तरं. इन्स्टावर 'जोडीदाराला विचारा हे पन्नास प्रश्न'. सगळ्यांचा सल्ला एकच, साधं नका विचारू, खोल विचारा, माणूस उलगडतो. मला वाटतं आपण प्रश्नाला उगाच एवढा भाव देतोय. प्रश्न साधा आहे का खोल हे नंतरचं, आधी बघायला हवं की विचारणाऱ्याला स्वतःला त्याचं उत्तर द्यावं लागणार आहे का, आणि आपल्याकडे घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आपल्याकडे प्रश्न उताराने वाहतात. मोठा लहानाला विचारतो, साहेब कारकुनाला, मुलाकडचे मुलीकडच्यांना, घरमालक भाडेकरूला, डॉक्टर पेशंटला. खालून वर गेला तर त्याला प्रश्न म्हणतच नाहीत, उलट बोलणं म्हणतात.

ते प्रसिद्ध छत्तीस प्रश्न आहेत ना, प्रेमात पाडणारे म्हणून फिरतात ते, त्याचंच घ्या. मुळात तो प्रेमाचा प्रयोग नव्हताच. आर्थर अॅरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९७ मध्ये तो छापला, अनोळखी माणसांच्या जोड्या लावून पाऊण तासात त्यांच्यात जवळीक निर्माण करता येते का हे त्यांना बघायचं होतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका बाईंनी स्वतःचा अनुभव लिहिला आणि मग त्याला प्रेमाचं लेबल चिकटलं ते चिकटलंच. प्रश्न तीन टप्प्यांत आहेत. सुरुवातीला हलके, फोन करायच्या आधी काय बोलायचं त्याची मनात तालीम करता का, अशातले, आणि शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या माणसासमोर शेवटचं कधी रडलात इथपर्यंत. ज्या जोड्यांना नुसत्या वरवरच्या गप्पांचे प्रश्न दिले होते त्यांच्यापेक्षा ह्या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळचं वाटलं. पण फॉरवर्ड करणारे एक गोष्ट गाळतात, ती म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनी द्यायचंय. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने आरोपीसारखं सांगत बसायचं असा तो प्रकारच नाही.

आता कोणी म्हणेल, अहो पण वरवरच्या गप्पांवाल्या जोड्यासुद्धा आळीपाळीनेच बोलत होत्या की, मग फरक खोल प्रश्नांनीच पडला ना. बरोबर आहे, मान्य. खोलीचा उपयोग आहेच. पण दोन्हीकडे खालचा ओटा तोच होता, दोन बरोबरीची माणसं, दोघांच्या हातात तोच कागद, दोघांना तीच पाळी. तो ओटा काढून घ्या आणि तेच छत्तीस प्रश्न होणाऱ्या सासूने होणाऱ्या सुनेला एकटीला विचारले अशी कल्पना करा. शेवटचं कधी रडलीस. जवळीक सोडा, पोरगी स्टेशन गाठेल.

मला बरोबरीच्या प्रश्नाचा सगळ्यात चांगला नमुना माहितीये तो मुंबईच्या लोकलमधला. मी सोळा वर्षं डोंबिवलीहून फोर्टला येजा करते, सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात. तिथे ओळखीची सुरुवात एकाच प्रश्नाने होते, "कुठे उतरणार?" बस. नाव नाही, आडनाव नाही, काय करता नाही. ठाणे म्हणालात तर समोरची म्हणणार ठाण्यानंतर मी बसते, आणि तिच्यामागची तिला विचारणार, तू कुठे. हा प्रश्न बँकेतली ऑफिसर घरकाम करणाऱ्या बाईला विचारते आणि घरकाम करणारी तितक्याच हक्काने ऑफिसरला विचारते, आणि उत्तर द्यावंच लागतं, खोटं बोललात तर ठाण्याला कळतंच. सहा महिने रोज तीच गाडी, तोच दरवाजा, मग कधीतरी नाव कळतं. मग डब्यातली भाजी. मग गुडघेदुखी. मग एक दिवस मुलुंड ते दिवा एवढ्या अंतरात कोणीतरी सांगून टाकतं की नवरा पितो. कोणी खोदून विचारलेलं नसतं. त्या अमेरिकन प्रयोगात जे पाऊण तासात घडवून आणलं ते आमच्याकडे चारपाच वर्षांत होतं, पण रस्ता तोच, हलक्यापासून जडाकडे, आणि दोघींनी पायरी पायरी बरोबरीने चढायची. दसऱ्याला आम्ही डबा सजवतो तेव्हा पन्नास बायका असतात, त्यातल्या निम्म्यांची आडनावं मला आजही माहीत नाहीत.

शिकागोच्या लोकलमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये छापून आला. काही प्रवाशांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा. लोकांना आधी वाटत होतं बोलावं लागलं तर प्रवास वाईट जाईल, प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान झाला. आमच्या डब्यातल्या कुठल्याही मावशीने हे फुकटात सांगितलं असतं. असो.

आता याच्या उलट टोकाला या. कांदेपोहे. मी सात वेळा दिलेत, पोहे पण आणि उत्तरं पण. स्वयंपाक येतो का, नोकरी पुढे करणार का, एकत्र कुटुंबात राहायची तयारी आहे का, चष्मा कधीपासून, आणि सगळ्यांचा लाडका, छंद काय. छंद हा आपल्याकडचा खोल प्रश्न. वाचन म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही काय वाचतेस, कारण त्यांना ते ऐकायचंच नसतं, त्यांना फॉर्मवरचा रकाना भरायचा असतो. सगळं झालं की एक मोठा माणूस उदारपणे म्हणतो, "हां, तुला काही विचारायचं असेल तर विचार." आणि आई दारातून डोळे वटारते. एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला स्वयंपाक येतो का. बिचारा मुलगा तसा चांगला होता, तो म्हणणार होता काहीतरी, त्याच्या आधी त्याची मावशी हसली आणि म्हणाली मुलगी हुशार आहे हो. झालं. नकार तिसऱ्या दिवशी आला. कारण पत्रिका.

नोकरीच्या इंटरव्ह्यूत पण तेच. कंपनीचं नाव कशाला, बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, समोर तीन जण, लग्न कधी करणार, मग मूल कधी, नवऱ्याची बदली झाली तर. मुलाखत म्हणजे मुळात मुलाकात, भेट, पण त्या भेटीत एकाच बाजूला तोंड उघडायची परवानगी. माझ्याबरोबर आलेल्या मुलाला विचारलं पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस. मला विचारलं पाच वर्षांनी घरात किती जण असतील, अर्थ तोच.

आणि भाड्याचं घर शोधताना. ब्रोकरचा पहिला प्रश्न बजेट, दुसरा फॅमिली आहे का, तिसरा व्हेज का नॉनव्हेज, आणि मग अगदी सहज, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही म्हणालेला नसता. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीने ह्या प्रश्नावर चार घरं घालवली आणि पाचव्या वेळी ती आडनावाऐवजी नुसतं नाव आणि वडिलांचं नाव सांगायला लागली, तर समोरून परत, "पुढे?" हे 'पुढे' मराठी माणसाला बरोबर कळतं. एका शब्दाचा प्रश्न आहे आणि त्याच्या पोटात अख्खी उतरंड बसलेली आहे. यालाच आपण ओळख करून घेणं म्हणतो. माणसाला ओळखायचं नसतंच, कुठल्या खणात ठेवायचं तेवढं ठरवायचं असतं.

डॉ. आंबेडकरांनी स्वतःच्या लहानपणची एक आठवण लिहून ठेवलीये, १९०१ ची. ते, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली, वडिलांकडे जायचं होतं, पण वडिलांच्या नोकराने पत्र त्यांना दिलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणीच आलं नाही. बाकीचे उतारू निघून गेले, चांगले कपडे घातलेली ही पोरं फलाटावर एकटी. स्टेशन मास्तर आला आणि चौकशी केली, कोण तुम्ही, कुठे जायचंय. वाचताना लक्षात येतं की तो चांगल्या मनाने विचारत होता, पोरांची काळजी वाटून. मुलांनी भाबडेपणाने सांगून टाकलं, आम्ही महार. त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. नंतर दुप्पट भाडं कबूल करूनसुद्धा बैलगाडी मिळाली ती या अटीवर की मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. पुढच्या वाटेवर प्यायला पाणी मिळालं नाही. मला यातला मास्तर विसरता येत नाही. प्रश्न मायेचाच होता. पण उत्तर काय असायला हवं हे त्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं, आणि ते तसं आलं नाही तेव्हा माया तिथल्या तिथे आटली. आजचं 'पुढे?' त्याच फलाटावरून येतं.

बरं, आपली भाषासुद्धा यातून सुटलेली नाही. नसत्या चौकशा करणाऱ्याला भोचक म्हणतो तो शब्द मस्त आहे, त्यात कुणाचं वाईट नाही. पण त्याच चौकशांना चांभारचौकशा पण म्हणतो आणि म्हणताना काही वाटत नाही. म्हणजे जातीच्या चौकशा जन्मभर केल्या वरच्यांनी आणि भोचकपणाला नाव लागलं कुणाचं बघा. मी हा शब्द वापरायचं सोडलंय, भोचक पुरतो.

इथे आमची वहिनी मला थांबवते. ती म्हणते तुझं शहरातलं डोकं आहे, गावात "कुणाची गं तू?" असं विचारतात त्यात माया असते. खरं आहे. गावी बसमधून उतरलं की पारावरची म्हातारी डोळे बारीक करून विचारते, कुणाची गं, आणि आईचं नाव सांगितलं की लगेच हात धरून बसवते, तुझ्या आजीबरोबर मी लावणीला जायचे, भाताच्या हो. परदेशात तर अजून जास्त. माझा चुलतभाऊ कॅनडात आहे, दुकानात मराठी ऐकलं की तो धावत जाऊन विचारतो, तुम्ही कुठले, आणि समोरचा सांगलीचा निघाला तरी त्याला घरचा वाटतो, एरवी सांगलीशी त्याचा संबंध भडंगापुरता. तर 'कुठले' हा प्रश्न वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. त्या पारावरच्या म्हातारीत आणि ब्रोकरमध्ये फरक काय ते बघा. म्हातारीने विचारलं आणि लगेच स्वतःचं पण सांगितलं, आजीबरोबर लावणीला जायचे. तिने तिची बाजू समोर ठेवली. ब्रोकरने त्याचं आडनाव सांगितलं होतं का? मालकाचं? मालक काय खातो ते सांगितलं? पण हेही कबूल करायला हवं की म्हातारीच्या उत्तरात मला जागा मिळाली कारण माझं घर गावात 'चालणारं' होतं. नसतं तर तिने काय केलं असतं ते मला माहीत नाही असं म्हणणं म्हणजे नाटक होईल.

म्हणून काही जण म्हणतात सोडा ना, विचारूच नका काही, प्रायव्हसी, बाउंड्री. आमच्या नव्या टॉवरमध्ये हेच आहे, लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे. मला हे पण पटत नाही. विचारपूस बंद झाली तर त्यातून एकटेपणाच येणार, ब्रिटनने २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, आपल्याकडे अजून शेजारीण आहे तर ती कशाला घालवायची. शिवाय न विचारल्याने उतार सपाट होत नाही. वरच्याला हवी ती माहिती तो वॉचमनकडून काढतोच.

उतार सपाट करायचा तर प्रश्न उलटा वर न्यावा लागतो, आणि ते कायम महाग पडलेलं आहे. उपनिषदात जनक राजाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला विचारत सुटते, हे कशात विणलंय, ते कशात विणलंय, आणि एका टप्प्यावर तो म्हणतो, गार्गी फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. त्या सभेत बाकीच्यांनी पण विचारलं, पण ही ताकीद लक्षात राहिली ती तिला दिलेली. (तरी ती नंतर परत उठते आणि अजून दोन प्रश्न विचारते, म्हणून मला ती आवडते.) आपल्या काळात प्रश्न वर नेणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधी होता, अण्णा हजारेंनी त्यासाठी उपोषण केलं होतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, आणि त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम हे की का विचारताय त्याचं कारण द्यायची गरज नाही. विचार करा, आपल्यासारख्या देशात खालच्या माणसाने वरच्याला कारण न सांगता विचारायचं आणि वरच्याने उत्तर द्यायचं. किती जणांना ते सहन झालं नाही तेही आपण बघितलं, तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, जमिनीचे व्यवहार बाहेर काढत होते. घरातल्या सुनेच्या उलट प्रश्नाला आणि ह्याला एका माळेत ओवणं कुणाला अति वाटेल. मला नाही वाटत. उलट विचारलेलं चालत नाही ही सवय लागते ती घरातच, ऑफिसात आणि कचेरीत ती पुढे वापरली जाते.

आणि एक बाजू आहे जी आपण विसरतो, आता आपल्याला सगळ्यात जास्त प्रश्न विचारतं ते यंत्र. तुमचा स्वभाव ओळखा, तुम्ही गेल्या जन्मी कोण होता. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिका या निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, तिथेही सुरुवात स्वभाव सांगणाऱ्या प्रश्नावलीच्या अॅपनेच. जवळपास पावणेतीन लाख लोकांनी ती भरली आणि त्यांच्या मित्रयादीमार्गे फेसबुकच्याच हिशोबाने जगभरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. भारतात ते अॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी आणि झळ पोचू शकत होती साडेपाच लाखांवर लोकांना. पहिल्या शाळेचं नाव, आवडता रंग, घरातलं लाडाचं नाव, असल्या गमतीच्या पोस्टमध्ये आपण जे लिहून टाकतो तेच पासवर्ड विसरल्यावर विचारलं जातं. शाळेतल्या स्लॅम बुकात पण हेच प्रश्न होते की, आवडता रंग, आवडता हिरो, पहिलं प्रेम (तिथे सगळे 'आई' लिहायचे). पण स्लॅम बुक मी तुझं भरलं की तू माझं भरायचास. इथे आपण भरतोय आणि समोर वही उघडणारा कोणीच नाही.

कधी कधी मला वाटतं आपल्याकडच्या बायकांना कोणी बरोबरीने विचारलंच नाही म्हणून त्या जात्याला सांगत बसल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारावर गावं, एक लाखाच्या वर ओव्या, 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या वेबसाइटवर त्या ऐकायला मिळतात. त्यात सासर आहे, माहेर आहे, मेलेलं मूल आहे, विठ्ठल आहे, रामायणातली सीता तर शेजारच्या घरातली वाटावी इतकी जवळची आहे. ह्या बायकांच्या आयुष्यात प्रश्नांची कमतरता नव्हती, आईने सांगितलेच ना तीन, कुठे निघालीस, कुणाशी बोलत होतीस, भात का करपला. पण काय गं, कशी आहेस, हे विचारून पुढे स्वतःचं सांगणारं कोणी समोर नसेल तर पहाटे दगडाशी बोलावं लागतं. आणि जात्यावर पण दोघी लागतात, समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात. एक ओवी हिची, एक तिची.

मग करायचं काय. माझ्याकडे पन्नास प्रश्नांची यादी नाही, आणि कार्डांच्या डब्याला पण माझा विरोध नाही, लाइट गेले असतील तर जरूर खेळा. पण मी स्वतःपुरतं ठरवलंय ते असं की जो प्रश्न मी स्वतः त्याच माणसासमोर उत्तर द्यायला तयार नाही तो विचारायचा नाही. पगार विचारायचाय ना, मग आधी माझा सांगायचा. मूल का नाही हे विचारायचंय, तर आधी मला का झालं, मला खरंच हवं होतं का, हे सांगायची तयारी आहे का? नसते हो. निम्मे प्रश्न इथेच गळतात आणि जे उरतात ते चांगले असतात. दुसरं म्हणजे उत्तर ऐकून दुसरा प्रश्न विचारायचा. २०१७ मध्ये हार्वर्डच्या काही संशोधकांनी दाखवलं की बोलताना जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचं विचारणारी. आपण फोनवर पाऊसपाणी झालं की "अजून काय विशेष" म्हणतो, हा प्रश्न नाहीच, ही फोन ठेवायची विनंती आहे. आणि तिसरं, सांगायचं नसेल तर न सांगायची मुभा, न दुखावता. याची रीत आपल्याकडे आहे, माणूस बाहेर पडताना 'कुठे' विचारू नये म्हणतात, काम होत नाही. म्हाताऱ्या माणसांनी अपशकुनाचं निमित्त करून का होईना, पण दारातून निघणाऱ्याला उत्तर न देता जाता येईल अशी सोय करून ठेवली. लहानपणी आम्ही हसायचो, आता मला ती भारी वाटते. आईला ही सोय कधी मिळाली नाही, तिला दारातच अडवून विचारायचे, तो भाग वेगळा.

कोणी म्हणेल हे सगळं घरगुती झालं, ब्रोकर आणि कंपन्या थोड्याच ऐकणार. नाही ऐकणार. तिथे नियमच हवा. इंटरव्ह्यूत पुरुषाला जे विचारत नाही ते बाईला विचारायचं नाही, सोसायटीने भाडेकरूकडून जेवढे कागद मागितले तेवढेच मालकानेही दाखवायचे, आणि आडनावाची चौकशी करून घर नाकारलं तर तक्रार करायला जागा पाहिजे. जात विचारूच नये असं मात्र मी म्हणणार नाही, जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची मोजणी होणार आहे आणि ती व्हावी असंच मला वाटतं, कारण तिथे प्रश्न उघड आहे, सगळ्यांना तोच आहे, अगदी वरच्या मजल्यावरच्यालाही फॉर्म भरावा लागणार आहे. चोरून विचारलेल्या 'पुढे?'पेक्षा ते केव्हाही बरं.

आता आमच्याकडे परीक्षेची वेळ आलीये. त्या भाचीचा मोठा भाऊ, त्याच्यासाठी चिपळूणला मुलगी बघायला जायचंय या रविवारी. मी आत्या म्हणून अट घातली की आपल्याकडून जो प्रश्न जाईल त्याचं उत्तर आधी आपल्या मुलाने द्यायचं, स्वयंपाकापासून सगळ्याचं. वहिनी दोन दिवस बोलली नाही. काल तिचा फोन आला, "मग पगार पण आधी आपणच सांगायचा?" म्हटलं हो. "आणि आधीचं काही प्रकरण असेल तर?" म्हटलं विचारायचं असेल तर सांगायचं, नाहीतर विचारायचं नाही. ती म्हणाली मुलाला विचारून बघते, आणि मग जरा थांबून, "मला पण कधी सांगितलं नाही गं त्याने काही." दादा म्हणतोय एवढं सगळं बोलत बसलो तर पोहे थंड होतील. आई मागून ओरडून सांगत होती की मी पण येणारे, पुढची सीट माझी.